स्टुलावरचं खोटं

स्पीकर तिच्या कमरेएवढा उंच होता आणि जिना एका माणसापुरता रुंद. तरी ती तो दुरुस्तीला एकटीच खाली आणत होती. वर खोलीत बसलेल्या सगळ्यांनी "नंतर बघू" म्हटलं होतं, आणि 'नंतर' या शब्दाची तिला शिसारी होती. म्हणून तर क्लबात सगळे तिला भिंगरी म्हणत.

अर्ध्या जिन्यात खालून कुणीतरी वर आलं.

"असा धरलात तर आधी स्पीकर जाईल, मग पाय."

"पाय माझा आहे."

"म्हणूनच मला स्पीकरची काळजी वाटतेय."

त्यानं खालची कड धरली. ती त्याच्याकडे बघत होती… म्हणजे त्याच्या दातांकडे. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर मेण आणि प्लॅस्टरशी झटून कवळ्या बनवणारी मुलगी आधी डोळे बघत नाही. समोरच्या दोन दातांपैकी एकाचा टवका उडालेला होता. बाकी रांग झकास.

"दाताला काय झालं?"

"वायर सोलतो मी. दातानं." तो हसला. "खालचं दुरुस्तीचं दुकान माझंच. या महिन्यातच घेतलंय. अँप्लिफायर, स्पीकर, माइक. तुम्ही वर काय करता दर रविवारी? माझ्या डोक्यावरच चालतं सगळं."

"रडतो," ती म्हणाली. "मग बिस्किटं खातो."

तो पुन्हा हसला. तो उडालेला टवका तिच्या डोक्यात घर करून बसला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका म्हाताऱ्याच्या कवळीला तिनं अगदी तसाच दात लावायला घेतला होता. मालकीण ओरडली तेव्हा भानावर आली.

वरची खोली मास्तरांची. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आणि 'तिसरा गिअर' या बँडच्या फॅन क्लबचे सगळ्यात जुने सभासद. चार जणांचा बँड, आणि त्यांच्यापायी वेडी झालेली ही मूठभर माणसं: मास्तर, शिलाईवाल्या काकू, रात्रपाळीची एक नर्स, आणखी काही जण. आणि भिंगरी, जी सगळ्यांना फोन करून करून गोळा करायची.

तिचा दादा म्हणायचा, "चार टाळकी गिटार बडवतात, त्यात तुम्हाला काय मिळतं? वय काय, करता काय." वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. ज्यांचं बोलणं घरात कुणीतरी ऐकून घेतं, त्यांना फॅन क्लब म्हणजे पोरकटपणा वाटतो. वाटू दे. त्यांचं भागतंय म्हणून ते हसतात. ज्याचं भागत नाही तो जिना चढून वर येतो.

क्लबाला वर्गणी नव्हती, कार्ड नव्हतं. एक स्टूल होतं. नवा माणूस आला की त्याला स्टुलावर बसवायचं आणि पंखा बंद करायचा, कारण पंखा करकरायचा. मग त्या उकाड्यात त्यानं सांगायचं - बँडचं कुठलं गाणं, आणि कुठल्या वेळी त्यानं त्याला धरून ठेवलं. कुणी प्रश्न विचारायचा नाही. कुणी समजूत काढायची नाही. सांगून झालं की सगळ्यांनी मिळून ते गाणं म्हणायचं, बेसूर, जमेल तसं. झाला सभासद. मास्तरांनी तिथंच बसून बायकोचं सांगितलं होतं, नर्सनं एका पेशंटचं, काकूंनी अशा एका माणसाचं, ज्याचं नाव त्यांच्या घरात घेतलं जात नाही. या खोलीत सगळ्यांनी एकमेकांना कातडीच्या आतून पाहिलं होतं.

स्पीकर दुरुस्त झाला. तो पोचवायला आला तो आलाच. पुढच्या रविवारी पुन्हा आला - "आवाज बरोबर येतोय ना, बघायला." त्याच्या पुढच्या रविवारी कारणही न सांगता आला.

"असं फुकट बसता येत नाही इथं," भिंगरी म्हणाली. "गाणं आहे का तुमच्याकडे?"

त्यानं स्टुलाकडे बघितलं. "आहे."

पंखा बंद झाला. तो स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर, मान खाली. 'उशीर' हे गाणं, म्हणाला. भाऊ घर सोडून गेला होता, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मैदानावर बँडचा कार्यक्रम होता. पाऊस कोसळत होता, कुणी हललं नाही. मी पण हललो नाही… भावाचं जाकीट होतं माझ्या अंगावर. गाणं संपेपर्यंत मला वाटत होतं, गर्दीत कुठेतरी तो उभा असेल. नव्हता. अजून आलेला नाही.

काकूंनी डोळे पुसले. मास्तर म्हणाले, "त्या मैदानावर होतात तुम्ही. मग तुम्हाला आम्ही काय सांगायचं." आणि सगळ्यांनी 'उशीर' म्हटलं. भिंगरीला शेवटचं कडवं म्हणता आलं नाही. ती त्याच्या मानेवरून ओघळणारा घाम बघत राहिली, आणि काय करावं ते न कळून खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

त्यानंतर तिचं कशातच लक्ष लागेना. लॅबमधून घरी जायचा सरळ रस्ता सोडून ती दुकानावरून जाऊ लागली. कधी वायर हवी असायची, कधी सेल. एकदा नुसतीच उभी राहिली.

"आज काय बिघडलंय?" त्यानं मान वर न करता विचारलं. हातातल्या सोल्डरिंगच्या सळईतून धूर निघत होता.

"काही नाही."

"मग दुरुस्त काय करू?"

"तुझा दात. लॅबमध्ये ये, टवका भरून देते."

"नको. तो भरलास तर तू बघशील कशाकडे?"

तिचे कान तापले. "बघत नाही मी."

"बरं… नाही बघत." सळई खाली ठेवून तो थेट तिच्याकडे बघू लागला. भिंगरीनं काउंटरवरचे स्क्रू उगाच मोठ्या-लहान क्रमानं लावले.

त्याच संध्याकाळी तिनं त्याला ते सांगितलं. क्लबात स्टुलावर ती फक्त एवढंच बोलली होती, की बाबा गेले आणि 'बंद दुकान' या गाण्यानं मला रडवलं. त्याला तिनं पुढचं सांगितलं. बाबांसाठी ती कवळी बनवत होती. मेणात दात बसवून झाले होते, फक्त तोंडात लावून बघायचे राहिले होते, आणि बाबा गेले. ती अर्धी कवळी अजून लॅबमध्ये तिच्या खणात आहे. "ते नवे दात लावून कसे हसले असते, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी रोज खण उघडते. आणि लावते. दादाला सांगितलं तर म्हणेल, टाकून दे."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिला वाटलं, याला समजलं. भाऊ गेलेल्या माणसाला समजणारच.

मग 'तिसरा गिअर'चा शहरात कार्यक्रम लागला. क्लब झाडून सगळा गेला. काकूंनी सगळ्यांना एकाच कापडाचे रुमाल शिवून दिले होते, त्याला पण दिला. गर्दीत त्याचा दंड तिच्या खांद्याला टेकत होता, आणि दोघंही बाजूला होत नव्हती. तिला वाटलं, कार्यक्रम संपल्यावर बोलून टाकावं. 'नंतर' नको. आजच.

'उशीर' सुरू झालं. दोन कडवी झाली. आणि शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी - सगळं बंद. गिटार बंद, ड्रम बंद, माइक बंद, दिवेही गेले.

हे दर वेळी होतं. त्या मैदानावर भर पावसात ऐन शेवटच्या कडव्याला वीज गेली होती, आणि अंधारात लोकांनीच ते म्हणून पुरं केलं होतं. तेव्हापासून बँड ते कडवं कधीच म्हणत नाही. दिवे मालवले जातात, वाद्यं खाली ठेवून चौघं मागं सरकतात, आणि एका श्वासाच्या शांततेनंतर ते लोकांचं होतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र गाणं सरळ, वाद्यांसकट संपतं.

त्या एका श्वासाच्या शांततेत भिंगरीचा खांदा मोकळा झाला. तो कठड्यावरून उडी मारून साउंडच्या टेबलाकडे धावला होता, आणि त्याचा आवाज अख्ख्या सभागृहानं ऐकला:

"अहो, लाइन गेलीय तुमची. सरका, मी बघतो. मेन वायर कुठली?"

साउंडवाल्यानं मोबाइलचा उजेड त्याच्यावर धरला आणि हसला. मग पुढच्या रांगा हसल्या. मग लोकांनी कडवं उचललं आणि हसू त्यात बुडून गेलं. फक्त क्लब गात नव्हता. मास्तर रुमालाची घडी घालत होते. काकू त्याच्याकडे बघत होत्या, हातात वायर घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाकडे, जो त्या मैदानावर कधीच नव्हता.

भिंगरी एकटीच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशी ती सरळ रस्त्यानं घरी गेली. रात्री वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, त्या भांड्याला भोक पडेल." ती केव्हाची तेच भांडं घासत होती.

शेवटी ती दुकानात गेली. बसली नाही.

"भाऊ?"

"नाही." त्यानं रेडिओ बंद केला. "दोन बहिणी आहेत मला."

"मग ती गोष्ट कुठून आणलीस?"

"एक गिऱ्हाईक स्पीकर घेऊन आलं होतं. त्याची आहे. त्याच्याच तोंडून ऐकली."

"चोरलीस."

"हो."

"त्याच्या भावासाठी आम्ही रडलो. आणि मी तुला… मी तुला बाबांची कवळी सांगितली. तुझं सगळं खोटं आणि माझं सगळं खरं. बरा सौदा केलास."

"तेव्हाच सांगणार होतो. तोंडच उघडेना."

"दात तर उघडतात बरे. वायर सोलायला."

त्यानं ते गिळलं. मग खाली बघत बोलला, "माझ्याकडे काही नव्हतं गं. कुणी मेलं नाही, कुणी पळून गेलं नाही. आई-बाप धड आहेत. आणि गाणं… मी गाणं ऐकतच नाही. दिवसभर स्पीकरला कान लावून मी फक्त खरखर ऐकतो. तुमचा बँड मला बाकीच्या बँडांसारखाच वाटतो. पण दर रविवारी छतातून तुमचा आवाज यायचा. इतका बेसूर, आणि कुणी कुणाला थांबवत नव्हतं. मला वाटायचं, आपण पण तिथं असावं. हे सांगितलं असतं तर घेतलं असतं तुम्ही?"

"नसतं."

"मग?"

"मग नसतं घेतलं." तिचा आवाज चढला. "लोक तिथं फुकट बसत नाहीत रे. प्रत्येकानं काहीतरी फाडून दिलंय. आम्ही प्रश्न विचारत नाही, ते आम्ही खुळे म्हणून नव्हे. तिथं कुणी खोटं बोलत नाही, म्हणून. या रविवारी वर ये आणि हे सगळं स्टुलावर बसून बोल."

"हाकलून देतील."

"देऊ देत."

रविवारी तो आला. पंखा बंद झाला. तिच्याशी बोलला होता ते सगळं तो बोलला, एकही शब्द न गाळता, आणि शेवटी खिशातून काकूंचा रुमाल काढून इस्त्रीच्या घडीसकट समोर ठेवला.

काकूंनी रुमालाला हात लावला नाही.

"तुझ्या भावासाठी घरी जाऊनसुद्धा रडले मी," काकू म्हणाल्या. "मेल्या, निदान मेलेला तरी सांगायचास. वाट तरी बघितली नसती."

"पण आज खरं बोलला," नर्स म्हणाली.

"बोलला," मास्तर म्हणाले. "पण गाणं नाही. आपलं एवढंच एक आहे हो. ते सोडलं तर आपण नुसती बिस्किटं खाणारी माणसं." ते भिंगरीकडे वळले. "तू सांग. तू आणलंस त्याला."

सगळे तिच्याकडे बघत होते. तो नव्हता बघत. तिचे हात काहीतरी शोधत होते - खिडकीची कडी, पंख्याचं बटण, काहीही. या खोलीबाहेर तिला आतून ओळखणारं कुणी नव्हतं, आणि ज्याच्यासाठी तिची झोप उडाली होती तो त्या स्टुलावर बसला होता. इथं खोटं चालवून घेतलं, तर उद्या या खोलीत खरं कोण बोलणार?

"सभासद नाही," ती म्हणाली.

तो उठला. मान हलवली, जशी एखादं यंत्र दुरुस्त होणार नाही म्हणताना दुकानात हलवायचा. आणि जिना उतरून गेला.

मास्तरांनी पंखा लावला. काकूंनी पुडा फोडला. भिंगरी दारात उभी राहिली, आत आली, पुन्हा दारात गेली.

"जा बाई," काकू म्हणाल्या. "दाराला धाप लागली."

तो खालच्या पायरीवर बसला होता. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. तिच्या पावलांचा आवाज ऐकूनही त्यानं मागं बघितलं नाही.

"तूच हाकललंस."

"हो. मीच. पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन."

"मग खाली कशाला आलीस?"

"ते क्लबाचं होतं. हे माझं आहे." ती एक पायरी सोडून वर बसली. "मी अजून चिडलेली आहे."

"दिसतंय."

"बराच काळ चिडणार आहे."

"चालेल… मी दुकान कुठे नेत नाही."

वर गाणं सुरू झालं, तिच्याशिवाय. मास्तरांचा घोगरा आवाज, काकूंचा किनरा, मध्येच नर्सचा ठसका. तिचा पाय ताल धरत होता. तिला वर जायचं होतं. आणि इथंही थांबायचं होतं.

"मला आवडतेस तू," तो म्हणाला. "हे खरं आहे. पण आता माझ्या खऱ्याला किंमत राहिली नाही, ते पण माहीत आहे."

ती एक पायरी खाली सरकली. आता त्याचा खांदा तिच्या गुडघ्याला टेकत होता, आणि पुन्हा दोघंही बाजूला होत नव्हती.

"गाणं संपलं की मला वर जायचंय," ती म्हणाली. "तोवर बोल. तुझंच बोल, गिऱ्हाइकाचं नको."

"माझं काय… काही घडलंच नाही गं माझ्याकडे."

"तेच सांग."

त्यानं डोकं खाजवलं. वर दुसरं कडवं लागलं होतं.

"दोन बहिणी आहेत. मोठी भांडखोर आहे. धाकटी -"

"धाकटी नंतर," भिंगरी म्हणाली. "भांडखोर म्हणजे कशी, ते आधी सांग."