साडेआठची तार

मला राग येतो तेव्हा आधी कान तापतात. त्या सकाळी ते तापले, आणि त्याला कारण एक माणूस होता – धुळीने भरलेली सायकल पोस्टाच्या पायरीला टेकवून, खिडकीसमोरच्या अकरा जणांची रांग सरळ ओलांडून आलेला.

“बाई, ही आधी घ्या. लई अर्जंट हाय.”

“रांग दिसत नाही का?”

“दिसती की. पर ही हवामानाची तार हाय. साडेआठचं निरीक्षन, नवाच्या आत पुन्याला गेलं पायजे.”

एकोणीसशे बहात्तरचा सप्टेंबर होता. राहुरीच्या पोस्टात मी तारेच्या खिडकीवर बसत होते. माझे वडील, अण्णा, तिथले पोस्टमास्तर. पावसाचा पत्ता नव्हता. रांगेत एक बाई मुलाच्या आजारपणाची तार करायला उभी होती, आणि हा शहाणा हवामान घेऊन आला होता. फॉर्मवर नुसत्या पाच-पाच आकड्यांच्या ओळी. ना नमस्कार, ना खुशाली.

“आभाळ कोरडं आहे हे कळवायला तार कशाला लागते?” मी म्हटलं. “मागे उभे राहा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे हसरे, आणि तेच मला जास्त लागलं. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, “दमयंती, हवामानाची तार आधी घ्यायची असते. नियम आहे.” मी तार घेतली. यंत्राची किल्ली इतक्या जोरात आपटली, की पलीकडच्या पुण्याच्या माणसाने मध्येच थांबवून विचारलं, बरं आहे ना?

त्याचं नाव गहिनीनाथ. घोडेगावचा, बाजारात बैलाचे दात बघून वय सांगणाऱ्यांच्या घरातला पहिला बी.एस्सी. राहुरीबाहेरच्या हवामान केंद्रावर तो निरीक्षक होता. रोज पावणेनऊला सायकल पायरीला लागायची, रोज रांग मोडली जायची आणि रोज आमचं भांडण व्हायचं. लोक तक्रार करायचे सोडून ऐकायला थांबू लागले.

भांडता भांडता मी ते आकडे वाचायला शिकले. हा वारा, हा दाब, हा पाऊस – तिथे नेहमी शून्य. आणि हा ढग. आभाळाचे आठ भाग करायचे. निम्मं भरलं तर चार, गच्च भरलं तर आठ.

“आणि रिकामं असेल तर?”

“तर शून्य. पर तुमच्या खिडकीशी आलं, की...” तो थांबला.

“की काय?”

“काय न्हाई. तार घ्या.”

ऑक्टोबरात एकदा मी दोन दिवस त्याच्याशी बोललेच नाही. कारण आता आठवत नाही, पण कारण असणार. तिसऱ्या दिवशी त्याची तार गेली आणि तासाभरात पुण्याहून उलटा प्रश्न आला – ढग तपासून कळवा. मी फॉर्म काढून पाहिला. ढगाच्या जागी आठ होता. धावत पायरीवर गेले आणि वर बघितलं, तर आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. आमचा पोस्टमन रंगनाथ, त्याने ‘पुण्याला ढग कळवलेत’ एवढंच ऐकलं आणि टपाल वाटता वाटता गावभर सांगितलं. दुपारपर्यंत बायकांनी घागरी-पातेली अंगणात मांडून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी वाटच बघत होते. “आभाळात चिमूटभर ढग नाही आणि तुम्ही आठ लिहिलेत? वर बघून लिहिता की झोपेत?”

“बघितलंच न्हाई,” तो खाली मान घालून म्हणाला. “तुमी दोन दिस बोलला न्हाईत. मला आभाळ भरल्यागतच वाटत हुतं. हात तसाच चालला.”

ऐकायला गोड वाटलं... आणि त्याचाच मला आणखी राग आला. “गहिनीनाथ, हंडाभर पाण्यासाठी बायका कोसभर चालताहेत. माझ्यापायी खोटा ढग पाठवू नका. तुमच्या मनाचं हवामान तुमच्या वहीत लिहा, तारेत नको.”

तो हसला नाही. खिडकीतली शाईची दौत इकडची तिकडे सरकवत उभा राहिला. “बरोबर हाय तुमचं. पर खरा ढग तरी मला हितं बसून कुठं सांगता येतो? आपला पाऊस येतो समुद्राकडून. तितं मोजायला कोनी न्हाई. येखादं जहाज जाता जाता चार आकडे कळवतं, त्यावर समदा अंदाज. मूळच ठाव न्हाई, तर आपन काय सांगनार?”

त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. समुद्र त्याच्या डोक्यात शिरला तो त्याच दिवसांत.

ते मला कळलं मे महिन्यात, आणि त्याच्याकडून नाही. यंत्र कटकटायला लागलं, मी पेन्सिल घेऊन एकेक शब्द उतरवत गेले... फेब्रुवारीचा अर्ज मंजूर... अरबी समुद्रात जाणारं संशोधनाचं जहाज... मुंबईच्या गोदीत हजर व्हावे... मुक्काम तीन महिने. त्याच्या नावाचा हुकूम माझ्याच हाताने कागदावर उतरला. फेब्रुवारीपासून हा माणूस रोज माझ्या खिडकीशी उभा राहून माझ्या बोटांवरची शाई बघत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता.

तो आला तेव्हा मी तार पुढे सरकवली. “वाचा. मी वाचलीच आहे.”

“सांगनार हुतो –”

“कधी? बोटीवरून?”

“तुमी न्हाई म्हनला असता, तर माझं पाऊल उचललं नसतं. म्हनून...” खिडकीचा गज धरलेल्या माझ्या हाताजवळ त्याने आपला हात ठेवला. मध्ये बोटभर अंतर. “येक इचारू? परत आलो तर –”

“विचारायचं ते जाण्याआधी विचारायचं असतं,” मी म्हटलं. कान नुसते पेटले होते. “अर्ज करण्याआधी विचारायचं असतं. जा. खुशाल जा. बुडा.”

त्याने हात काढून घेतला, तारेची घडी करून खिशात ठेवली आणि गेला.

त्याच्या जागी आलेला माणूस रांगेत उभा राहायचा आणि ‘सावकाश घ्या, बाई’ म्हणायचा. मला त्याचा इतका राग यायचा की सांगायची सोय नाही.

समुद्र मी कधी पाहिला नव्हता. मुळा धरणाचं पाणी, तेही त्या साली तळाला गेलेलं, एवढीच माझी पाण्याशी ओळख. आता रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांना मी रेडिओला कान लावू लागले. जूनमध्ये, ज्याची भीती होती ते आलंच. अरबी समुद्राच्या मध्यभागी वादळ, ताशी शंभर किलोमीटर वेगाने वारे, समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

“आणि जे आधीच गेलेत त्यांनी?” मी रेडिओला विचारलं. मोठ्याने विचारलं. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं.

रेडिओ बाजारभाव सांगू लागला. मला निवेदकाचा राग आला, समुद्राचा आला, गहिनीनाथचा तर आलाच; पण सगळ्यात जास्त आला तो त्या दोन अक्षरांचा, जी मी भर रांगेत त्याच्या तोंडावर फेकली होती. माझं त्याच्यावर प्रेम होतं. हे त्या क्षणी कळलं असं नाही. कळून कितीतरी महिने झाले होते, मी भांडणाआड लपवत होते इतकंच.

सकाळी पोस्ट उघडलं आणि मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. स्वतःची तार स्वतः घ्यायची नाही, अशी आमच्या पोस्टात शिस्त. घेणारा दुसरा लागतो. आमच्याकडे दुसरा म्हणजे अण्णा. हुकुमाच्या तारेतलं जहाजाचं नाव मला पाठ होतं. गहिनीनाथच्या नावाखाली ते लिहिलं, त्याखाली ‘मार्फत मुंबई रेडिओ’ लिहिलं – बोटींवरच्या तारा तिथूनच जायच्या – मजकूर लिहिला आणि फॉर्म आत सरकवला.

प्रत्येक तारेचे शब्द अण्णा पेन्सिलीचं टोक टेकवत मोठ्याने मोजत. तीस वर्षांची सवय, ती माझ्यासाठी मोडणार नव्हती. “बुडू... नका... शब्द... मागे... घेते... परत... या... दमयंती.” रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. पुण्यातल्या एका वकिलाचं स्थळ माझ्यासाठी बघून ठेवलेल्या माझ्या वडलांनीही, स्वतःच्याच तोंडून, ऐकलं.

त्यांनी पेन्सिलीचं टोक पत्त्यातल्या नावावर नेलं. “बैलबाजारवाल्यांचा ना तो?”

“हो. आणि तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी भांडायला सुरुवात करते.”

“आठ शब्द,” अण्णा म्हणाले. “‘लवकर’ घालायचं राहिलंय.” त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं आणि स्वतःच किल्लीवर बसले.

तीन दिवस काही नाही. मी जेवले नाही, आणि जेव म्हणणाऱ्या प्रत्येकावर खेकसले. चौथ्या दिवशी यंत्र वाजलं. वारा उतरला, लाटा उतरल्या, आभाळ आठ, खरंखुरं. बुडत न्हाई. येतो. लिहिताना माझ्या पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

ऑगस्टमध्ये, बाहेर भुरभुर चालू असताना, सायकल पायरीला लागल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही, पण दिसायचं ते दिसलं. रंग काळवंडलेला, केस राठ झालेले. तो रांग मोडून आला नाही. शेवटी जाऊन उभा राहिला. लोक मागे वळून त्याला वाट द्यायला लागले, तर त्याने हात जोडून नको म्हटलं. मी एकेक तार घेत गेले, आणि त्यांतल्या एकीतही काय लिहिलं होतं ते मला सांगता येणार नाही.

त्याची पाळी आली. फॉर्म आत सरकला. पत्ता – दमयंती, तारेची खिडकी, राहुरी. मजकूर – जान्याआधी इचारायचं राहिलं. लगीन कराल का.

मी पेन्सिल टेकवून शब्द मोजले. पहिल्यांदा मोजणी चुकली, आणि त्याचाही मला रागच आला.

“अर्जंट की साधी?”

“साधीच घ्या,” तो म्हणाला. “आता रांग मोडायची न्हाई. किती बी दिस लागू द्या.”

“तुम्हाला ढगांशिवाय काही कळत नाही,” मी म्हटलं. गजांतून हात बाहेर काढला आणि त्याचा हात धरला. “ही अर्जंट आहे.”

मागून अण्णांचा आवाज आला, “दमयंती, अर्जंट तारेला उत्तर लगेच द्यायचं असतं. नियम आहे.”

“दिलं,” मी म्हटलं.