पाण्याची बारी

शुभांगी, मेणबत्ती राहू दे आता. लाईट गेलीय ती साडेदहाशिवाय येत नाही, आणि गच्चीवर बसायला काय दिवा लागतो? समाधान, तो बिल्डरचा रंगीत कागद घडी कर आणि खिशात घाल. सोनतळ्याला घर बघतोय म्हणालास ना? मग आधी हे ऐक. मी घे म्हणत नाही, घेऊ नको म्हणत नाही. तुमचं तुम्ही ठरवा. पण कंपनीत माझ्या हाताखाली एक पोरगा होता, रविराज नावाचा, त्याचं सांगतो. ह्याच्या-त्याच्याकडून ऐकलेलं नाही बरं का, माझ्यासमोर बसून त्यानं स्वतः सांगितलेलं.

रविराज मूळचा सायखेड्याचा. घरी भाजीपाल्याचा मळा, बाप मोतीराम अजून स्वतः फावडं धरायचा. रविराज शिकला, अंबडला आमच्या कंपनीत लागला. लग्न झालं, हर्षाली आली. पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. नळ खाली अंगणात, पाणी सकाळी पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात सगळ्या चाळीची भांडणं. एक दिवस हंडा घेऊन जिना चढताना हर्षालीचा पाय सरकला. पाचवा महिना होता तिला. मूल गेलं. पोरगा आठ दिवस कामावर आला नाही. नवव्या दिवशी कँटीनमध्ये मला म्हणाला, "सहादूअण्णा, आता घर घेईन ते नळाला पाणी असलेलंच. बाकी काय नसलं तरी चालंल."

दोन हजार चार साल ते. नाशिक नुसतं सुटलं होतं तेव्हा, जिकडं बघावं तिकडं मुरूम, खडी आणि बोर्ड. दर रविवारी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर घरं बघत हिंडायचो. एका ठिकाणी फ्लॅट झकास, पण पाणी टँकरचं. दुसऱ्या ठिकाणी पाणी होतं, पण खिशाला झेपेना. मग सोनतळं. गंगापूर रोडच्या आत चार किलोमीटर, तळ्याच्या अगदी काठाला. चार वर्षांपूर्वी तिथं मेथी, कोथिंबीर, शेवंतीचे मळे होते. आता बावीस रो हाऊस, त्यातलं सात नंबरचं एकटंच पुरं झालेलं. बाकीचे नुसते खांब. टाय लावलेला एक पोरगा सारखं म्हणत होता, "चोवीस तास पाणी साहेब, तळंच आपलं आहे." रविराजनं नळ सोडला. फुस्स. नुसती हवा. "लाईन रात्री चार्ज होते साहेब," पोरगा म्हणाला. बोलण्यात बरा तयार होता की तो!

हर्षालीला तेव्हा परत सातवा लागलेला. तिला घर दाखवायला आणलं तर ती मागच्या ओट्यावर बसली आणि तळ्याकडं बघत राहिली, उठेचना. "बाळाला घेऊन येईन ती ह्याच घरात येईन," म्हणाली. आता सांगा, नवऱ्यानं काय करावं?

रविराजनं बापाला फोन केला. मोतीराम शेतकरी माणूस. तो म्हणाला, "रान घेताना आपण पाणी डोळ्यानं बघतो का नाय? मग घर घेताना काय झालं? तिथं जाऊन एक रात्र बस. पाणी येतंय का बघ. मग दे बयाणा." सल्ल्यात काही चूक नव्हती. मीही हेच सांगितलं असतं.

तारीख सांगतो. दहा डिसेंबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अवस. रात्री साडेनऊला रविराज सतरंजी, चहाचा थर्मास आणि बॅटरी घेऊन सात नंबरला पोचला. बिल्डरच्या माणसानं किल्ली दिली, "डास आहेत हं," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. रविराजनं मागच्या बाजूच्या मोरीतला नळ पुरता सोडून ठेवला आणि खाली लोखंडी बादली लावली, म्हणजे पाणी आलं की आवाजानं जाग येईल. चहा घेतला. हर्षालीला फोन केला, "झोप तू, काळजी करू नको," म्हणाला. थंडी मरणाची होती. कानाला मफलर बांधून आडवा झाला.

जाग आली ती मोटारीच्या आवाजानं. पाण्याची मोटार, विहिरीवर असते ना तशी, घूं घूं करणारी. घड्याळात बघितलं, दोन वाजून दहा मिनिटं. आलं पाणी, म्हणत उठला, मोरीत गेला. बादली कोरडी. नळाला टिपूस नाही.

पण पाण्याचा आवाज येत होता. बाहेरून.

त्यानं मागचं दार उघडलं. मागं दिवसा काय होतं? फुटक्या विटा, वाळूचा ढीग, आणि पुढं उंचवटा, तिथून तळं. आता अंधारात ते काही दिसेना. वास मात्र आला. ओल्या मातीचा, मेथीचा. मळ्यात वाढलेला पोरगा, ह्या वासाला चुकेल होय? दहा-बारा पावलांवर जमिनीवर कंदील ठेवलेला. कंदिलापाशी एक माणूस, डोक्याला टापशी बांधलेली, हातात फावडं. घोट्यापर्यंत पाण्यात. पाट खळखळ वाहतोय, आणि दोन्ही अंगाला वाफे.

रविराज भ्याला का? मी विचारलं त्याला. म्हणाला, "नाय अण्णा. तेवढ्यापुरता नाय भ्यालो. लहानपणापासून रोज बघितलेलं चित्र, त्यात काय भ्यायचं? वाटलं, कोणीतरी अजून मळा करतंय हितं."

माणूस मान न वळवता बोलला.

"बारी बदलायला आला का?"

"नाय काका. मी पाव्हणा. घर बघायला आलोय."

"लय येळ झाला. कोणी येईना... पाय गोठले."

आता तुम्हाला शहरातल्या पोरांना हे सांगावं लागतं. रात्रीच्या लाईटीवर पाणी भरतात, तेव्हा दारं धरणाऱ्याला जागा सोडता येत नाही. दारं धरायचं म्हणजे एक वाफा भरला की मातीचं दार मोडून पाणी दुसऱ्यात वळवायचं. माणूस हलला की पाट फुटतो, सगळं रान वाहून जातं. म्हणून दुसरा येऊन स्वतःच्या हातात फावडं घेतो, तेव्हाच पहिला निघतो. हातातून हातात. आणि पाण्यात उभा राहून गारठलेल्या माणसाला नाही म्हणायची रीत सायखेड्यात नाही. बापानं तेच शिकवलेलं. तुमच्या-माझ्यासारखा असता तर दार लावून घेतलं असतं. रविराजनं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"द्या काका," म्हणाला. "तुम्ही बसा घटकाभर."

दांडा हातात आला. बर्फ. बर्फसुद्धा बरा.

"घर कोणासाठी?" माणसानं विचारलं.

"बायकोसाठी. सातवा महिना हाय तिला."

"पाणी पायजे?"

"व्हय काका. पाणीच पायजे."

माणसानं टापशी घट्ट केली.

"मिळंल... बारी आता तुझ्या घरची."

आणि तो गेला. पाण्यातून गेला, पण पाणी वाजलं नाही. रविराजनं एवढंच बघितलं, की कंदील जमिनीवरच राहिला आणि माणूस नाही. मग... मग हातच चालायला लागले. वाफा भरला, दार मोड. दुसरा भरला, दार मोड. थांबता येईना. हाका मारायचं सुचेना. पाय कधीचे गेलेले. दांडा सुटत नव्हता. एक वाफा. आणखी एक. आणखी...

कोंबडा आरवला कुठंतरी.

बघतो तर विटांच्या ढिगात उभा. पाणी नाही. मेथी नाही. कंदील नाही. हात रिकामे. तळहाताला फोड. आणि घरात धो धो आवाज. पळत आत गेला. नळ मनगटाएवढ्या धारेनं वाहत होता, बादली भरून मोरी भरून पाणी ओट्यावरून खाली चाललेलं.

इथं मला त्या पोराचा राग येतो बघ अजून. उठून चालतं व्हायचं होतं! पण तो त्या बादलीपाशी बसला. त्याला जिना दिसला. हंडा दिसला. रडला, मला म्हणाला, ओक्साबोक्शी रडला तिथं. आणि अकरा वाजता जाऊन बयाणा देऊन आला. कोणाला अवाक्षर बोलला नाही.

फेब्रुवारीत मुलगी झाली. दिशा. गोरीपान, गुटगुटीत. बारशाला मी गेलो होतो. हर्षाली पाण्याचं कौतुक सांगताना थकत नव्हती. पुढं बाकीची घरं भरली, सगळ्यांच्या बोअर मार्चमध्ये आटल्या, टँकर यायला लागले. सात नंबरचा नळ कधी आटला नाही. शेजारणी बादल्या घेऊन हिच्या दारात यायच्या आणि ही कोणाला परत पाठवायची नाही, तिला तो जिना आठवायचा ना.

रविराज मात्र वाळत चालला. एकदा नाईट शिफ्टला मी त्याचा हात धरून बघितला. पॅकिंगचं काम करणारा माणूस, आणि तळहाताला हे एवढे घट्टे! "काय रे, घरी दगड फोडतोस का?" म्हणून मी हसलो. तो हसला नाही. त्याच रात्री त्यानं मला सगळं सांगितलं. रोज दोन वाजून दहा मिनिटांनी जातो म्हणाला. नाईट शिफ्ट असली की रात्रीच्या सुट्टीत मोटारसायकल काढून जातो आणि पहाटे परत येतो. आणि मी मूर्ख समजत होतो, पोरगा कुठंतरी कोपऱ्यात झोप काढतो!

"अरे सोड ते घर," मी म्हणालो.

"एकदा नाय गेलो अण्णा," तो म्हणाला. "सिन्नरला मावसभावाचं लग्न होतं, मुक्काम पडला. सकाळी आलो तर हर्षाली म्हणाली, रात्री मागच्या दाराशी कोणीतरी हाक मारत व्हतं. घरात कोणी हाय का म्हणून. ती उठून निघालीच व्हती... दिशा रडली म्हणून थांबली."

त्यानंतर तो एकही रात्र चुकला नाही.

मी चौकशी केली. कॉलनीच्या कोपऱ्यावर भिमाबाई भाजी विकायला बसायची, पूर्वी त्याच मळ्यात खुरपायला होती. ती म्हणाली, "चिमाजी व्हता आमचा. रात्री पाणी भरता भरता मोटारीला चिकटला. बारी बदलायला दुसरा जायचा व्हता, तो गोधडीत पडून राह्यला. सकाळी बघितलं तर फावडं तसंच हातात." एवढं बोलली आणि टोपली उचलून गेली. मी रविराजला मांत्रिक सुचवला, पूजा सुचवली, काय वाट्टेल ते सुचवलं. तो म्हणायचा, "मी उभा हाय तोवर त्या दोघी झोपतात ना अण्णा? मग बास."

दोन हजार सहाच्या डिसेंबरात, अवसेच्या पहाटे, हर्षालीला तो मागच्या अंगणात सापडला. बसलेला. डॉक्टर म्हणाले हार्ट. तिशीसुद्धा नव्हती रे त्याची. मी खरं काय ते सांगितल्यावर म्हातारा मोतीराम सरणापाशी उभा राहून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता, "मीच म्हणालो व्हतो, जाऊन बस म्हणून." मला ते बघवलं नाही.

तुझा तो कागद दे जरा इकडं. बॅटरी धर, शुभांगी. हे बघ, खाली पेनानं लिहिलंय. रीसेल, सात नंबर, चोवीस तास पाणी. मला वाटलंच होतं. खोटं नाही बरं का ते. येतं पाणी.

हर्षालीनं घर का सोडलं, तिच्याच तोंडून ऐकलेलं, ते तेवढं सांगतो आणि मग खाली जाऊ.

तेरावा झाला. पाव्हणे गेले. रात्री ती आणि दिशा, दोघीच घरात. दिशा दोन वर्षांची व्हायची होती अजून, नुकती नीट चालायला लागलेली. हर्षालीनं मागच्या दाराची वरची कडी लावली, चांगली डोक्याच्या वरची, हात उंच करून लावावी लागायची. पोरीला कुशीत घेतलं. दमलेली होती. गाढ झोप लागली तिला.

सकाळी उठली. पोरगी कुशीतच. गाढ झोपलेली. कडी तशीच, लावलेली.

फरशीवर पावलं होती. मागच्या दारापासून गादीपर्यंत. चिखलाची, ओली... आणि एवढीएवढीशी.