तेल होतं, तरी दिवा लागला

"उद्या भंगारवाला येणार! आजोबांची मिनीबस न्यायला!" भोंगा ओरडतच घरात शिरला. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नाही, म्हणून तर त्याचं नाव भोंगा.

"हळू! आजोबा ऐकतील!" कप्तान दबक्या आवाजात खेकसली. ती भोंग्याची मोठी बहीण. सुट्टीत मामाकडं आलं की हुकूम तिचा चालायचा.

"ऐकलंय त्यांनी," शेपटी म्हणाली. ती मामाची धाकटी, सतत यांच्या मागं मागं. "पायरीवर बसलेत. चहा तसाच गार झालाय."

तिघांचीही तोंडं उतरली.

झालं होतं असं. गेल्या आठवड्यात आजोबा भाड्याची माणसं घेऊन निघाले आणि भररस्त्यात गाडीतला तेलाचा लाल दिवा लागला. आजोबांनी तिथंच गाडी बाजूला घेऊन बंद केली. माणसं चिडली, मामाला फोन गेले. मामा घरी येऊन सगळ्यांसमोर कडाडला, "तेल न बघता गाडी काढलीत ना, बाबा? आता नजर गेली तुमची. द्या ती किल्ली!"

"मी बघितलं होतं रे," एवढंच आजोबा म्हणाले, आणि किल्ली दिली. त्यानंतर मिस्त्रीनं इंजिनावरचं दिव्याचं बटण, म्हणजे तेलाचा दाब ओळखून दिवा लावणारा भाग, बदललं, तरी दिवा लागतोच. मग मामानं ठरवून टाकलं, इंजिन गेलं!

"मला नाही पटत," कप्तान उठली. "चला गाडीपाशी!"

इंजिनात तेल मोजायची लांब पट्टी असते. कप्ताननं ती ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घालून काढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं!

"मामा," तिनं हाक मारली, "दिवा लागल्यावर तू तेल घातलंस?"

"थेंबभरही नाही. मेलेल्या गाडीला कशाला पाजू?"

"म्हणजे तेल आधीपासून होतं! आजोबा खरं बोलत होते!"

मामानं पट्टी स्वतः निरखली. मग म्हणाला, "असेल. पण इंजिन गेलंय ते गेलंयच."

"कशावरून? काका, तुम्ही तेलाचा दाब मोजलात?"

हा प्रश्न मिस्त्रीकाकांना होता. भंगारात जायच्या आधी बॅटरी काढून घ्यायला ते आले होते. त्यांनी डोकं खाजवलं. "त्याचं काय आहे पोरी... मोजायला हवा होता. बटण बदललं नि निघालो."

"मग आता मोजा की!" भोंगा असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले.

मिस्त्रीकाकांनी बटण काढून त्या जागी दाबाचं मीटर बसवलं. गाडी चालू केली. काटा थोडासा चढला. जरा रेस दिली, तर काटा खाली! त्यांनी झटकन गाडी बंद केली.

"अरेच्चा! इंजिन झिजलेलं असतं तर रेस दिल्यावर काटा चढला असता. हा तर पडतोय! तेल आहे, पण पंपाला ओढता येत नाहीये. चाकांना दगड लावा, मी खाली बघतो."

मिस्त्रीकाका पोट आत घेत घेत खाली घुसले. शेपटी बाजूनं जमिनीला गाल लावून बघत होती.

"काका, तो खड्डा कसला? वाटीएवढा! गोल!"

तेलाचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं पत्र्याचं भांडं, आत चेपलं होतं. तेल ओढायची जाळी त्याच्या तळापासून जेमतेम वर असते. चेपलेला पत्रा थेट जाळीला चिकटला होता. उसाचा रस प्यायला नळी पेल्याच्या तळाशी दाबून धरली तर काय तोंडात येणार?

"दगड लागला असेल," भोंगा म्हणाला.

"दगड काय कंपासनं गोल काढतो?" कप्ताननं गाडीच्या मागून गाडी उचलायचा जॅक ओढत आणला. जॅकचं डोकं तेवढंच, तसंच गोल. "हा इथं लावून गाडी उचलली कुणी?"

मामा पुढं आला.

"मी," तो म्हणाला. "दिवा लागायच्या आदल्या दिवशी चाक पंक्चर होतं. बाबा म्हणत होते, तिथं नको लावू, चासीच्या जाड सांगाड्याला लाव. मी म्हटलं, मला शिकवू नका."

मिस्त्रीकाकांनी पान्यांची पेटी उघडली.

दुपारभर काम चाललं. तेल काढलं, चेंबर उतरवलं, ठोकून सरळ केलं, जाळी धुतली, नवं पॅकिंग लावून तेल भरलं. आता रेस दिली की काटा वर जाऊन तिथंच थांबत होता!

"शाब्बास रे पोरांनो! मी वाकूनसुद्धा बघितलं नाही, तुम्ही बघितलंत," मिस्त्रीकाका म्हणाले. मग मामाकडं वळले. "आणि ऐक. वडलांनी दिवा लागताच गाडी थांबवली, म्हणून इंजिन वाचलं. तू असतास तर हाकत घरी आणली असतीस."

मामानं भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. मग पायरीवर जाऊन किल्ली पुढं केली. "चुकलो, बाबा. चला, तुम्ही चालवा."

आजोबांनी नातवंडांच्या पाठीवरून हात फिरवला. "माझी बाजू घेतलीत. मोठं काम केलंत, बाळांनो!" किल्ली मात्र त्यांनी घेतली नाही. "गाडी वाचली, बरं झालं. चालव तूच."

"अहो, पण तुमची काही चूक नव्हती!" मामा म्हणाला.

"नव्हती ना. पण आठवडाभर मला वाटत होतं, असेल." आजोबा मागच्या बाकावर पोरांमध्ये जाऊन बसले.

फाटकापाशी मामानं मुद्दाम गाडी थांबवून विचारलं, "बाबा, न घासता निघेल का इथून?"

त्या फाटकातून आजोबांनी जन्मभर गाडी काढली होती. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"शेपटे," ते हळूच म्हणाले, "तूच बघ गं. मला नीट दिसत नसेल."

दोन्हीकडं भरपूर जागा होती. शेपटीनं तसं सांगितलं. मामानं मान खाली घातली आणि गाडी सावकाश बाहेर काढली.