भिंत कोणाची

ममासाली आजोबांना लोकांनी मातीखालून काढलं, तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा प्याला शाबूत होता. आजोबा मात्र गेले होते.

सनोबर पोहोचली तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. मर्गिलान शहराच्या भूमापन कार्यालयात ती वीस वर्षं जमिनी मोजत होती, जमिनीच्या कागदांवर शिक्के मारत होती. पोलीस अधिकारी झोकीरने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आपा, टेप आणि नकाशा घेऊन या. भिंत पडून माणूस गेलाय. भिंत कोणाची ते आत्ता ठरलं नाही, तर इथे दुसरा मुडदा पडेल."

ते काही खोटं नव्हतं. आजोबांचा मुलगा नेमतजान फावडं घेऊन ढिगाऱ्यावर उभा होता. पलीकडच्या अंगणात विधवा होसियत दाराला टेकली होती. तिचा दीर अब्दुवहाब मध्ये उभा होता.

"दोनदा सांगितलं हिला, भिंतीला पोक आलंय म्हणून!" नेमतजान ओरडत होता. "कानावर घेतलं नाही. आता घर वीक आणि भरून दे, बाई! बाप गेलाय माझा!"

"आमच्या वहिनीला बोलू नकोस रे," अब्दुवहाब छातीवर हात ठेवून म्हणाला. "भिंत तिचीच आहे, कोण नाही म्हणतंय? पण एकटी बाई आहे. काय द्यावं लागेल ते मी बघतो."

सनोबरने टेप लावला. नकाशा दोनदा ताडून पाहिला. भिंतीची अख्खी जाडी होसियतच्या हद्दीत होती.

"म्हणजे बाई अडकली," झोकीर हळूच म्हणाला. "ज्याची भिंत, त्याच्यावर जबाबदारी."

"पडली का, ते बघू आधी."

ती पायाशी वाकली. नेमतजानच्या बाजूची माती ठणठणीत कोरडी होती. होसियतच्या बाजूलाही वर धूळच होती. सनोबरने बोटांनी ती उकरली. वीतभर खाली कणकेसारखा चिखल लागला. भिंतीच्या कडेने सरळ रेषेत पुदिना माजला होता, गुडघ्याएवढा. दहा पावलांवर जर्दाळूची झाडं होती. त्यांची पानं वळून चुरगळली होती.

ती होसियतजवळ गेली.

"पाटाच्या पाण्याची पाळी कधी असते तुझी?"

"मंगळवारी. पहाटेपासून दुपारपर्यंत. कालच झाली."

"दारं कोण धरतं, पाणी कोण वळवतं बागेत?"

"भावजी. मंगळवारी माझा बाजार असतो ना, मी पहाटेच नान घेऊन निघते. हे गेल्यापासून भावजींनी एक मंगळवार चुकवला नाही."

"भिंतीला पोक आलंय, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं. मी भावजींना म्हटलं, गवंडी बोलवा. म्हणाले, सुगी उरकू दे, मग बघू."

"जागा कोणाच्या नावावर?"

"सासऱ्यांची. आता अर्धी माझी, अर्धी भावजींची. वाटणी नाही झाली. पण वसंतात त्यांनी कागद केला. बाग मी खायची, भिंत मी सांभाळायची, भिंतीमुळे कोणाचं नुकसान झालं तर तेही माझ्यावर. सगळी फळं मला सोडली त्यांनी. बाया म्हणाल्या, दीर असावा तर असा."

सनोबरने हातातला नकाशा उगाचच पुन्हा उलगडला.

झोकीरने तिला बाजूला घेतलं. "आपा, मला नेमतजानचाच संशय येतोय. त्याला ही बाग कधीपासून हवी आहे. भिंत पाडली असेल, आणि नेमका बाप खाली सापडला."

"पाणी इकडून मुरलंय, झोकीर. त्याच्या बाजूला थेंब नाही. अब्दुवहाबला बोलाव."

अब्दुवहाब आला.

"बागेला पाणी तुम्ही देता?" सनोबरने विचारलं.

"हो."

"कालही दिलंत?"

"दिलं की. पाळी कोण सोडतं?"

"मग झाडं का वाळली?"

"ऊन बघताय ना कसलं आहे."

"ऊन पुदिन्याला लागत नाही वाटतं?"

अब्दुवहाब हसला, पण त्याचे डोळे भिंतीकडे गेले.

सनोबर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली. "काल बागेत पाणी आलं, पण झाडांपर्यंत पोहोचलंच नाही. दर मंगळवारी तुम्ही ते भिंतीच्या कडेने चर खणून वळवत होतात. दुपारी वहिनी परतायच्या आत चर कोरड्या मातीने बुजवत होतात. मातीची भिंत वरून दगडासारखी दिसते, पायाला पाणी लागलं की आतून लोणी होते. पुदिना एका दिवसात एवढा वाढत नाही. महिना दोन महिने हे चाललंय."

"आणि मी माझ्याच घराची भिंत का पाडू?"

"तुमची कुठे? ती तुम्ही वसंतातच वहिनीच्या गळ्यात घातलीत. भिंत शेजाऱ्यावर पडली की भरपाई तिने द्यायची. तिच्याकडे अर्ध्या जागेशिवाय काय आहे? ती विकावी लागणार. आणि सामाईक जागेतला हिस्सा विकायला निघाला, की घ्यायचा पहिला हक्क दुसऱ्या हिस्सेदाराचा. भरपाई तुम्ही भरणार, जागा तुम्हाला मिळणार, आणि वर गाव तुम्हाला दुवा देणार."

नेमतजानच्या हातातलं फावडं खाली पडलं. "माझ्या बापाला मारून?"

"मला काय माहीत म्हातारा तिथे बसेल!" अब्दुवहाब किंचाळला. "तो रोज ओसरीवर बसायचा! यांचा द्राक्षांचा मांडव मोडेल, बकऱ्या मरतील, एवढंच..."

तो थांबला.

"बापाचं घर आहे माझ्या," तो पुटपुटला. "हिला मूल ना बाळ. उद्या हिच्या माहेरचे येऊन बसले असते. वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना, मी खुनी नाही."

होसियत पुढे आली. आवाज बारीक होता, पण फुटला नाही.

"सकाळपासून सगळे विचारत होते, भिंत कोणाची. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत, भावजी."

झोकीर त्याला घेऊन गेला. नेमतजान ढिगाऱ्यावरच बसला, तोंड झाकून. होसियतकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

सनोबरने नकाशाची गुंडाळी केली. जबाब लिहून झाल्यावर होसियतने सही केली आणि विचारलं, "आपा, ज्याने जाणूनबुजून केलं त्याच्यावरच जाईल ना आता सगळं?"

"जायला हवं. तो कागद रद्द होईपर्यंत कोर्टात खेटे घालावे लागतील. मी येईन साक्षीला."

"तो कागद तुमच्याच कचेरीत केला होता. खिडकीत तुम्हीच होतात."

"हो."

"तुम्हाला तेव्हा विचित्र नाही वाटलं? अर्धा मालक भिंतीतून अंग काढून घेतोय म्हणून?"

वाटलं होतं. क्षणभर. रांग मोठी होती, जेवणाची सुट्टी जवळ आली होती, आणि दीर फार अदबीने बोलत होता. सनोबरने शिक्का मारला होता.

"वाटलं होतं," ती म्हणाली.

होसियतने मान हलवली. रागावली नाही. डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि पडलेल्या भिंतीवरून, बायकांचा आक्रोश चालला होता त्या घराकडे निघाली.