बावखलाबद्दलचं एक वाक्य

चर्चच्या नव्या हॉलच्या पायात तांब्याची पेटी पुरायची ठरली. शंभर वर्षांनी उघडायची. तिच्यात ठेवायला आजच्या भुईगावाविषयी चार पानं लिहा, असं फादरनी मला सांगितलं. तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला, म्हणून काम माझ्याकडेच आलं.

मे महिना होता. ओट्यावर बसून मी केळीच्या वाड्या, मोगरा, लग्नातला बँड, परदेशी गेलेली मुलं, सगळं लिहिलं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं : ‘वाड्यांना पाणी देणारं गावाचं तळं, बावखल, हळूहळू आटलं.’

जेवून आलो, तर त्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं : ‘आटलं की बुजवलं?’

अक्षर बारीक, अनोळखी.

“सालोमी, माझ्या कागदांना हात लावलास?”

बायको बोंबील साफ करत होती. हात वर करून म्हणाली, “असल्या हातांनी?”

मी पान फाडलं. नव्या पानावर तेच वाक्य उतरवून कपाटात कुलूपबंद केलं. चहा झाल्यावर कपाट उघडलं. तोच प्रश्न. शिवाय कागद कडेने पिवळा पडलेला. बोट लागताच कोपरा तुटून पडला. ती कोरी वही मी सकाळीच आणली होती.

सालोमीने पान वाचलं. “बुजवायच्या अर्जावर तुमची सही होती ना? आपल्या वाडीत गाडी यावी म्हणून.”

“शंभर वर्षांनी कोण विचारतंय?”

“विचारतंय की.”

मी पेन उचललं. ‘बावखल आम्ही डेब्रिजचा भराव टाकून बुजवलं. पावसाचं पाणी आता कुठे जाईल, हा विचार कोणी केला नाही. पहिली सही माझी.’

लिहून झाल्यावर छाती हलकी झाली. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं पानाजवळच बसून होतो. कोणी हात लावला नाही.

खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीची अक्षरं वर येऊ लागली. भिंतीत ओल चढावी तशी, सावकाश.

‘मग हे लिहिलंत त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात गेलेल्या तिघांची नावं का गाळलीत?’

“कुठला पूर?” सालोमी पुटपुटली. “कोण गेलं?”

कोणीच गेलं नव्हतं. ऑगस्टला अजून तीन महिने होते.

प्रश्नाखाली एक, दोन, तीन असे आकडे उमटले. पहिल्या दोन आकड्यांपुढे जागा कोरी होती.

तिसऱ्यापुढे ‘सा’ एवढंच होतं. ते पेन्सिलीने नव्हतं. शाईने होतं, माझ्या अक्षरात.