टेम्पोतली बोटभर माणसं

रंगाच्या दुकानात काउंटरवर स्नेहलनं खोका उघडला, आणि आतून वाळू सांडली.

बारा माणसं होती आत, प्रत्येक बोटाएवढं. हंडा घेतलेली बाई, काठीला टेकलेला धनगर, पारावरचा म्हातारा… तिनंच रंगवलेली. डोळ्यांतली बुबुळंसुद्धा जागच्या जागी. पण पायाखालच्या गोल चकत्या उघड्या पडल्या होत्या. वर चिकटवलेली वाळू अन् गवत सगळं खोक्याच्या कोपऱ्यात गोळा झालं होतं.

"असा गोंद द्या, की सुटायलाच नको," ती दुकानदाराला म्हणाली.

मागे चिकटपट्टीसाठी थांबलेला एक जण वाकून बघत होता. रापलेला चेहरा, शर्टावर द्राक्षाच्या रसाचे डाग.

"टेम्पोनं आली का ही?"

"कुरिअरनं. पुण्याहून परत."

"म्हंजे टेम्पोनंच. गोंद बदलून काय नाय व्हायचं, मॅडम."

"तुम्ही गोंदाचे डॉक्टर का?"

"नाय, पिंपळगावच्या पॅकहाउसात हाय. सकाळी पेट्यांना लेबलं लावायची, दुपारी टेम्पो." त्यानं चकतीवरून अंगठा फिरवला. "आधी वार्निश मारलंय ना? गुळगुळीत पुठ्ठ्यावर लेबल बसत नाय." मग वाळू चिमटीत चोळली. बोटं पांढरी झाली. "अन् धुळीवर तर नायच नाय."

स्नेहलनं चकती उलटसुलट करून पाहिली. वार्निश मारलं होतं. वाळू धुतली नव्हती.

पुण्याचा एक स्टुडिओ संग्रहालयांसाठी अशी छोटी गावं बनवायचा. नोकरीसाठी त्यांनी बारा नमुने मागवले होते, आणि चिठ्ठी जोडून परत पाठवले होते – 'रंगकाम उत्तम. जमीन प्रवासात टिकत नाही. महिनाअखेर पुन्हा एकदा पाठवा.' एकदाच.

"परत चिकटवा," तो म्हणाला. "मग मला द्या. पिंपळगाव ते नाशिक फिरवून आणतो. आमच्या टेम्पोत जे टिकलं, ते कुठंबी टिकतं."

त्याचं नाव गोरक्ष.

स्नेहलनं वाळू पाणी बदलून बदलून धुतली, गच्चीवर उन्हात वाळवली. चकत्या पॉलिश पेपरनं खरवडल्या. आधी दाट गोंद, वर वाळू, वर बोटाचा हलका दाब. एक दिवस काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. मग झटकून, पाणी घालून पातळ केलेला गोंद थेंबाथेंबानं मुरवायचा. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे गोंद कणाकणात उतरतो. मग रंग, मग गवत, आणि वार्निश – सगळ्यात शेवटी.

पहिल्या फेरीत तिघांची जमीन गेली. दुसरीत एकाची.

"हा धनगर ओझरच्या पुढं ढासळला," नाशिकच्या द्वारका चौकात क्रेट हातात देताना गोरक्ष म्हणाला. क्रेटमध्ये द्राक्षांचा एक घडही होता. दर वेळी असायचा.

"तू स्पीडब्रेकर बघत नाहीस का?"

"बघतो ना. बघूनच जोरात घेतो." तो हसला. "आज 'तू' म्हणालीस…"

"चुकून."

"बरं. चुकत जा."

तिसऱ्या फेरीत एकच गवताची काडी पडली. चौथ्या फेरीनंतर दोघं क्रेटचा तळ बघत उभे राहिले. मागे ट्रक हॉर्न वाजवत होते. तळ स्वच्छ होता.

"एकबी कण नाय," गोरक्ष म्हणाला.

"नाही."

"एखादा पडला असता तर… अजून एक फेरी झाली असती."

स्नेहलनं क्रेट उचलला. त्या दिवशी घड घ्यायला ती विसरली.

माणसं पुण्याला धडधाकट पोचली. आठवड्यानं स्टुडिओचा फोन आला, आणि स्नेहल पहिल्यांदाच पिंपळगावला पॅकहाउसात गेली.

"झालं?" लेबलाचा कागद सोलता सोलता त्यानं विचारलं.

"झालं. सोमवारी निघायचंय."

"माझीच चूक. लयच चांगलं शिकवलं." त्यानं लेबल लावलं. पहिल्यांदाच वाकडं लागलं.

तिनं पर्समधून काडेपेटी काढली. आत तेरावा माणूस होता. खांद्यावर क्रेट, शर्टावर जांभळे डाग. गोरक्षनं सवयीनं त्याला उलटा केला, झटकायला मनगट उचललं – आणि तसंच खाली घेतलं.

"झटक ना."

"नको. ह्याला नाय."

"टेम्पोत काचेपाशी ठेव. पावसाळ्यापर्यंत. एकही कण गळला नाही, तर पुण्याला घेऊन ये… दाखवायला."

"अन् गळला तर?"

"तरी घेऊन ये. दुरुस्त करून देईन."

गोरक्षनं काडेपेटी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. बराच वेळ बटण लावत राहिला.

"पुण्याचा रस्ता लय खराब हाय," शेवटी तो म्हणाला. "एका फेरीत काय भागायचं नाय."