माती दाबण्याआधी

धाकट्या बहिणीने जागा घेतल्याचं कळलं तेव्हा थोरलीने फोनवर तोंडभरून कौतुक केलं आणि फोन ठेवल्यावर पातेल्यावर झाकण असं आपटलं, की लेक आतल्या खोलीतून धावत आली. हातातून सटकलं गं, थोरली तिला म्हणाली.

पण राग येऊ नये तर काय व्हावं? वडिलांची रोपवाटिका होती. तिथे कोपरापर्यंत मातीत हात घालून वाढली ती थोरली. धाकटी, म्हणजे बेबी, सावलीत खुर्ची टाकून मासिकं चाळायची. आणि आता थोरली तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत चार कुंड्या घेऊन बसलेली. बेबीला मात्र कौलारू घर, विहीर आणि मागे हे एवढं मोठं आवार. एकाकडे दात असले की चणे नसतात म्हणतात. बेबीचा नवरा तर दातांचाच डॉक्टर. तिच्याकडे दातही होते आणि चणेही.

"शनिवार-रविवार ये ना ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही," बेबी म्हणाली. लेकीची सोमवारी परीक्षा होती, तरी थोरली आपली गाडी काढून गेली. जळायचंच तर जवळून जळावं.

शनिवारी सकाळी ओसरीवर रोपं मांडून ठेवली होती. लिंबू, डाळिंब, अंजीर, टोमॅटोची ट्रे भरून रोपं. थोरलीने पदर खोचला आणि कुदळ घेतली. माती हातात आली तेव्हा तिचे डोळे भरून आले. काळी, भुसभुशीत, ओलसर वासाची. अशी माती वडिलांनाही जन्मात मिळाली नव्हती.

वडिलांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या बागेत रोप लावताना, माती दाबण्याआधी, हे झाड कोणाचं ते मोठ्याने बोलायचं. झाडाला आपलं माणूस कळायला हवं, म्हणायचे. लहानपणी थोरली एकदा कुणाच्या तरी अंगणात गमतीने "माझं" म्हणाली होती. वडिलांनी तिथल्या तिथे ते रोप उपटलं आणि कुंपणापलीकडे फेकून दिलं.

तिने लिंबू खड्ड्यात ठेवलं. बेबीचं, असं म्हणणारच होती, तेवढ्यात बेबी मागून म्हणाली, "ताई, जाताना थोडी माती पिशवीत भरून ने हं, तुझ्या कुंड्यांना."

तेवढ्यावरून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझं," ती पुटपुटली आणि टाचेने माती दाबली.

एकदा जीभ सैल सुटल्यावर कसली थांबते! डाळिंब माझं. अंजीर माझं. टोमॅटोच्या एकेका रोपाला ती तेच म्हणत गेली. उन्हात लावलेलं रोप मान टाकतं, पण तिचं एकही मलूल झालं नाही. बेबीने हौसेने लावलेली दोन झेंडूची रोपं दुपारपर्यंत आडवी झाली. थोरलीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी बेबी स्वयंपाकघरात गाळणं शोधत होती. थोरलीने वळूनही न बघता कोपऱ्यातलं कपाट उघडलं आणि गाळणं काढून दिलं. ते कपाट तिने आधी कधी उघडलं नव्हतं.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी तिच्यापुढे, बेबी घेते तशी, बिनसाखरेची कॉफी ठेवली. ती तर दोन चमचे साखर घेणारी. पण घोट घेतला, आणि कॉफी गोड लागली. समोर बेबी आपल्या कपात दुसरा चमचा साखर ढवळत होती. खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "किती छान जागा आहे गं तुमची."

डॉक्टर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. थोरली तिची चूक सुधारायला गेली नाही, उलट आत कुठेतरी गुदगुल्याच झाल्या. दिवसभर ती आळी करत राहिली, पाणी घालत राहिली. गुडघे दुखले नाहीत. लेकीची आठवण एकदाही झाली नाही.

ऊन कललं तेव्हा बेबी थोरलीची पर्स खांद्याला लावून ओसरीवर आली. पायात थोरलीच्याच चपला होत्या आणि त्या नीट बसल्या होत्या.

"निघते. उद्या लेकीची परीक्षा आहे."

थोरली हसायला गेली. "बेबी, पुरे आता. पर्स दे माझी."

बेबीने वळूनही पाहिलं नाही. तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली, न शोधता.

"ताई, पोचल्यावर फोन करा," डॉक्टर तिला म्हणाले. मग थोरलीकडे वळून म्हणाले, "बेबी, फाटक लावून घेशील?"

गाडी वळणापलीकडे गेली.

थोरली धावली ती लिंबाकडे. वडिलांसारखं दोन्ही हातांनी धरून उपटायला गेली. कालचं वीतभर रोप. ते हललंसुद्धा नाही. तिने खाली बसून माती उकरली. बोटाएवढं खोड खाली जाऊन मनगटाएवढं झालं होतं, आणि त्याच्याही खाली ते रुंदच होत गेलेलं.

ती तशीच घरात गेली आणि मातीच्या हाताने तिथल्या फोनवरून लेकीचा नंबर फिरवला. तो तरी पाठ होता.

"बाळा," ती म्हणाली, "मी बोलतेय."

"हां मावशी, बोल," लेक म्हणाली. "आई निघाली का? लवकर ये म्हणावं, भूक लागलीय."